शासकीय अनुदान गावात कोणास पोहोचते ?

शेतीच्या उन्नतीसाठी शासन दरवर्षी नानाविध योजनांच्या द्वारे शेतकऱ्यांस अर्थसाहाय्य करीत असते. खत, वीज, पाणी, अवजारे, फळबाग, पीकविमा अशा बहुतेक सर्व बाबींस आज कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अनुदान उपलब्ध आहे. या योजनांची माहिती गावोगाव पोहोचविणे हे विस्तारकार्याचे एक प्रमुख अंग होय. परंतु माहिती पोहोचली म्हणजे अनुदान पोहोचले असे होत नाही. एकाच गावात, एकाच नियमाखाली, एका घरी वर्षातून चार योजनांचा लाभ येतो आणि शेजारच्या घरी एकही येत नाही, असे अनुभवास येते. याचे कारण दरवेळी वशिला किंवा लबाडी हेच असते असे नाही. पुष्कळदा ते अनुदानाच्या रचनेतच असते. ती रचना कशी आहे, तिच्यातून कोण गळतो आणि गळणाऱ्यास आत आणण्यासाठी गावपातळीवर काय करता येते, याचा विचार या लेखात केला आहे.

प्रश्न नवा नाही

शेतीस सरकारी पैशाची मदत ही कल्पना जुनी आहे. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा व १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा या दोहोंखाली देण्यात येणारी तगाई जुन्या पिढीतील शेतकऱ्यांस चांगली परिचयाची होती. विहिरीसाठी, बैलांसाठी, बियाण्यांसाठी तगाई मिळे. पण तिला तारण लागे आणि तारण म्हणजे बहुधा जमीनच. ज्याच्यापाशी जमीन अधिक त्याची पत अधिक, हे ओघानेच आले. १९५१-५२ साली अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी करण्यात आली व तिचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी अवघे ३.३ टक्के शासनाकडून व ३.१ टक्के सहकारी संस्थांकडून येते आणि सुमारे ७० टक्के सावकाराकडून येते, असे त्या पाहणीत आढळले. सरकारी मदत थोडी होती, आणि जी होती तिचा ओघ मोठ्या खातेदाराकडे अधिक होता.

त्यानंतर मदतीचे मान पुष्कळ वाढले. अल्प व अत्यल्प भूधारक, अनुसूचित जाती-जमाती व महिला यांस अधिक दराने अनुदान देण्याचे तत्त्वही मान्य झाले. दुसरीकडे शेतीचे तुकडे होत गेले. महाराष्ट्रात १९७०-७१ साली सुमारे ४९ लाख ५१ हजार वहितीखाती होती व दर खात्यामागे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन येत होती. २०१५-१६ च्या कृषि गणनेत खात्यांची संख्या सुमारे १ कोटी ५३ लाखांवर गेली व सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टरांवर आले. आज दर पाच खात्यांपैकी सुमारे चार खाती दोन हेक्टरांच्या आतील आहेत. म्हणून अनुदान लहान शेतकऱ्यास पोहोचते की नाही, हा प्रश्न काही थोड्यांचा राहिलेला नसून बहुसंख्यांचा झाला आहे.

अनुदानाच्या तीन वाटा

अनुदाने अनेक असली तरी शेतकऱ्याकडे येण्याच्या त्यांच्या वाटा तीनच आहेत. प्रत्येक वाटेवर कोणाची गाठ पडते हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिली वाट वस्तूच्या किमतीची होय. युरियाची ४५ किलोची पिशवी शेतकऱ्यास २६६ रुपये ५० पैशांस मिळते. तिचा खरा खर्च याहून कित्येक पटींनी अधिक असून फरकाची रक्कम शासन खत कंपनीस देते. २०१८ पासून ही रक्कम विक्रेत्याच्या यंत्रावर आधार पटवून प्रत्यक्ष विक्री झाल्यानंतरच कंपनीस मिळू लागली. या वाटेचा मोठा गुण असा की, तिच्यावर सातबारा मागितला जात नाही. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यासही पिशवी त्याच दराने मिळते. दोष असा की, जो अधिक पिशव्या घेईल त्यास अधिक अनुदान मिळते. आणि अधिक पिशव्या तोच घेऊ शकतो ज्याच्या शेतास पाणी आहे. सुरू उसास हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. ते सर्व युरियातून द्यावयाचे म्हटल्यास सुमारे १२ पिशव्या लागतात. कोरडवाहू रब्बी ज्वारीस हेक्टरी ५० किलो नत्र पुरते, म्हणजे सुमारे अडीच पिशव्या. तेव्हा हेक्टरामागे उसाच्या शेतात ज्वारीच्या शेताच्या पाचपट अनुदान उतरते, आणि तेही कोणीही अर्ज न करता.

विजेचेही तसेच आहे. राज्य शासनाच्या २०२४ च्या बळीराजा मोफत वीज योजनेने ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस एप्रिल २०२४ पासून वीज मोफत करण्यात आली. पंपधारकास हा मोठाच आधार होय. परंतु ज्याच्या शेतात विहीर नाही, त्यास या योजनेतून एक पैसाही मिळण्याचा संभव नाही.

दुसरी वाट रोख रकमेची होय. केंद्र शासनाच्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीतून दर वर्षी २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत ६,००० रुपये खातेदार शेतकरी कुटुंबाच्या बँक खात्यात जमा होतात. ही योजना डिसेंबर २०१८ पासून लागू धरण्यात आली. प्रारंभी ती दोन हेक्टरांपर्यंतच्या खातेदारांपुरती होती. जून २०१९ पासून ती सर्व खातेदारांस खुली झाली. २०२३ पासून राज्य शासनाच्या नमो शेतकरी महासन्मान निधीने तीत आणखी ६,००० रुपयांची भर घातली. पती, पत्नी व अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले जाते. आयकर भरणारे, शासकीय नोकर (चतुर्थ श्रेणीतील वगळून), दरमहा १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे, तसेच डॉक्टर, वकील, अभियंता असा व्यवसाय करणारे यांस ती मिळत नाही, व चुकीने घेतल्यास रक्कम परत करावी लागते. या वाटेवर लहानमोठा हा भेद नाही. अर्ध्या एकराच्या धन्यास व वीस एकरांच्या धन्यास रक्कम सारखीच. म्हणून लहानास तिचे मोल अधिक. परंतु येथे एक अट अटळ आहे : जमीन नावावर हवी.

तिसरी वाट कामाची होय. ठिबक संच, शेततळे, विहीर, ट्रॅक्टर, अवजारे, हरितगृह यांसाठी खर्चाचा काही भाग शासन देते. ठिबक सिंचनास केंद्र पुरस्कृत योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकास ५५ टक्के व इतरांस ४५ टक्के अनुदान आहे. राज्य शासनाच्या पूरक अनुदानामुळे ते अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत जाते. शेती यांत्रिकीकरणात अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती व जमाती यांस साधारणपणे ५० टक्के व इतरांस ४० टक्के असा दर आहे. कागदावर पाहता ही वाट लहान शेतकऱ्यास सर्वांत अनुकूल आहे. प्रत्यक्षात तिच्यावर नाव, पाणी, आगाऊ पैसा आणि वेळेवर कागद अशी चार फाटके आहेत, व चारही ओलांडल्यावाचून पुढे जाता येत नाही.

चार कुटुंबांचा हिशेब

वरील विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून एक गाव व त्यातील चार कुटुंबे कल्पनेने घेऊ.

पहिल्या कुटुंबाची जमीन तीन हेक्टर असून विहीर व पाच अश्वशक्तीचा पंप आहे. दोन हेक्टर ऊस आहे. सातबारा कुटुंबप्रमुखाच्या नावे आहे. दुसऱ्या कुटुंबाची ०.८० हेक्टर कोरडवाहू जमीन नावावर आहे, विहीर नाही. तिसऱ्या घरी तीन भाऊ १.२० हेक्टर जमीन वाटून कसतात. तिघेही विवाहित असून त्यांच्या चुली निराळ्या आहेत. मात्र सातबारावर अद्याप वडिलांचेच नाव आहे व वडील वारून पाच वर्षे झाली आहेत. चौथे कुटुंब भूमिहीन आहे. शहरात राहणाऱ्या एका खातेदाराची दीड हेक्टर जमीन ते तोंडी बोलीवर बटाईने करते.

पहिल्या घरी सन्मान निधीचे दोन्ही मिळून १२,००० रुपये येतात, पंपाची वीज मोफत पडते, उसाच्या खतापोटी सुमारे २४ पिशव्यांवरील अनुदान मिळते, आणि एक हेक्टर उसास ठिबक करावयाचे ठरविल्यास ७५ टक्के दराने संचही मिळतो.

दुसऱ्या घरी १२,००० रुपये येतात व दोन पिशव्यांवरील अनुदान मिळते. ठिबकास त्याचा दर ८० टक्के, म्हणजे पहिल्यापेक्षा अधिक आहे. परंतु पाणीच नसल्याने तो दर त्यास निरुपयोगी आहे.

तिसऱ्या घरी वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांचा हप्ता बंद झाला. वारसांची नोंद नसल्याने तिघांपैकी एकासही अर्ज करता येत नाही. नोंद झाली असती तर तिन्ही भावांची कुटुंबे स्वतंत्र धरली गेली असती व अन्य अपात्रता नसल्यास प्रत्येकी १२,००० याप्रमाणे वर्षास ३६,००० रुपये त्या घरी आले असते. एका नोंदीअभावी ही रक्कम दर वर्षी बुडत आहे.

चौथ्या घरी केवळ तीन-चार पिशव्यांवरील अनुदान पोहोचते. त्या जमिनीचा सन्मान निधी शहरातील खातेदाराच्या खात्यात जमा होतो. ऊन, पाऊस व पिकाची जोखीम बटाईदाराची. शासनाची मदत मालकास.

या चारही घरी कोणी खोटा कागद केलेला नाही. सर्व काही नियमास धरून घडले आहे. तरीही ज्यास मदतीची गरज अधिक त्यास ती कमी पोहोचली. याचा अर्थ इतकाच की, अनुदान शेतकऱ्याच्या गरजेचा माग काढीत जात नाही. ते नोंदीचा व पाण्याचा माग काढीत जाते. पाण्याचा प्रश्न एका गावाच्या हाती असत नाही. नोंदीचा प्रश्न मात्र बव्हंशी गावातच सुटण्यासारखा आहे.

नावाचे फाटक

वारसनोंद :— महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ अन्वये जमिनीत हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्यास कळविणे आवश्यक आहे. मृत खातेदाराच्या वारसांनी मृत्यूचा दाखला व वारसांविषयीचे प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज करावा. वारसाची नोंद प्रथम गाव नमुना ६-क मध्ये होते. चौकशीअंती फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये नोंद येते. संबंधितांस नोटीस दिली जाते व हरकत नसल्यास मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. यासाठी वकील किंवा मध्यस्थ लागत नाही. २०२५ साली शासनाने ‘जिवंत सातबारा’ या नावाची मोहीम राज्यभर राबविली ती याच कारणासाठी होय.

नोंद रखडण्याचे एक कारण सर्वांच्या परिचयाचे आहे. बहिणींची नावे लावावी लागतील म्हणून भाऊ अर्जच करीत नाहीत. परंतु १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने विधवा, मुलगे व मुली हे सर्व प्रथम वर्गाचे वारस ठरतात, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीतही मुलीस मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला आहे. नाव दडवून तो हक्क नाहीसा होत नाही. अनुदान मात्र सर्वांचेच बुडते. बहिणीस आपल्या राजीखुशीने हक्क सोडावयाचा असल्यास ती गोष्ट नोंदणीकृत हक्कसोडपत्राने नंतर करता येते. तिच्यावर दडपण आणणे सर्वथा गैर होय.

सन्मान निधीच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. १ फेब्रुवारी २०१९ ही त्या योजनेची जमीनधारणेची अंतिम तारीख आहे. त्यानंतर खरेदीने जमीन घेतलेल्यास हा निधी मिळत नाही. परंतु त्यानंतर वारसाहक्काने जमीन आलेल्यास मिळू शकतो. वारसांनी ‘आता उशीर झाला’ असे समजून स्वस्थ बसण्याचे कारण नाही.

स्त्रिया :— पेरणी, खुरपणी, कापणी, मळणी या कामांत स्त्रियांचा वाटा किती मोठा आहे हे शेतकऱ्यास सांगावयास नको. तथापि २०१५-१६ च्या गणनेनुसार देशातील वहितीखात्यांपैकी अवघी १४ टक्क्यांच्या आसपास खाती स्त्रियांच्या नावे होती. महिलांसाठी अधिक दराचे अनुदान ठेवले तरी नावावर जमीन नसलेल्या स्त्रीस त्याचा उपयोग नाही. १९९२ च्या लक्ष्मी मुक्ती योजनेप्रमाणे पतीने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबारावर लावता येते. वैधव्य आलेल्या स्त्रीची अडचण तर सर्वांत बिकट असते. दीर वा सासरा ‘जमीन आम्ही पाहतो’ असे म्हणतो व नोंद होतच नाही. अशा घरी कार्यकर्त्याने स्वतः जाऊन तिचा अर्ज भरून देणे हे कोणत्याही प्रात्यक्षिकापेक्षा कमी मोलाचे काम नव्हे.

वनहक्कधारक :— २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्यांस वैयक्तिक वनपट्टे मिळाले आहेत ते सन्मान निधीस पात्र आहेत. या कायद्याचा एक विशेष असा की, विवाहिताचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या संयुक्त नावे दिला जातो. नाशिक, नंदुरबार, पालघर, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी पट्टेधारकांची यादी जवळ ठेवून कोणाचा अर्ज राहिला आहे हे पडताळावे.

बटाईदार :— सर्वांत कठीण प्रश्न बटाईदाराचा आहे. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने, आणि विशेषतः १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने, पश्चिम महाराष्ट्रातील असंख्य कुळे जमिनीची मालक झाली. विदर्भ व मराठवाडा यांसही त्याच धर्तीचे स्वतंत्र कायदे होते. ते फार मोठे कार्य होते. परंतु त्याचा एक परिणाम असाही झाला की, जमीन लिहून दिल्यास ती कायमची जाईल या धास्तीने मालक कागद करण्याचे टाळू लागला व बटाई तोंडी बोलीवर चालू राहिली. तोंडी बटाईदाराची नोंद कोठेच नसल्याने अनुदानाच्या यादीत तो दिसत नाही. २०१६ साली निती आयोगाने शेतजमीन भाडेपट्ट्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला, त्यामागे हाच विचार होता : मालकाची मालकी सुरक्षित राहावी व कसणाऱ्याचीही नोंद व्हावी.

तोवर बटाईदारास काही वाटा मोकळ्या आहेत. नोंदणीकृत भाडेकरार असल्यास त्यास पीकविमा घेता येतो. एका हंगामाचा का होईना, असा करार करण्यास मालकाचे मन वळविणे हे गावातील वडीलधाऱ्यांचे काम आहे. २००६ पासून नाबार्डच्या संयुक्त देयता गटांच्या पद्धतीत चार ते दहा बटाईदार वा भूमिहीन एकत्र येऊन परस्परांच्या जामिनावर बँकेचे कर्ज घेऊ शकतात. ज्या योजनांस सातबाराची अट नाही अशा शेळीपालन, कुक्कुटपालन इत्यादी योजना प्रथम या कुटुंबांस सांगाव्यात. मालकाने सन्मान निधी घेतला असल्यास त्या प्रमाणात बटाईच्या खर्चात अधिक वाटा उचलावा, अशी समजूत गावात घडवून आणणेही अशक्य नाही.

पैशाचे व वेळेचे फाटक

नाव असूनही लहान शेतकरी मागे पडतो तो पैशामुळे. अनुदानाची टक्केवारी दुकानदाराच्या बिलावर नसते. ती शासनाने ठरविलेल्या मापदंड खर्चावर असते. समजा, एका संचाचा मापदंड खर्च १,००,००० रुपये आहे व दुकानातील किंमत १,२०,००० रुपये आहे. ८० टक्के दराने अनुदान ८०,००० रुपये होईल. शेतकऱ्यास वाटते की आपल्यावर वीस टक्के भार आहे. प्रत्यक्षात त्यास ४०,००० रुपये, म्हणजे किमतीचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. शिवाय बहुधा संपूर्ण रक्कम प्रथम स्वतः उभी करावी लागते व अनुदान तपासणीनंतर खात्यात येते. मधला काळ काढण्याचे बळ ज्याच्यापाशी आहे तोच अर्ज पुरा करतो. याकरिता खरेदीपूर्वी दोन-तीन विक्रेत्यांकडून दरपत्रके घ्यावीत, ती मापदंडाशी ताडून पाहावीत, आणि सहकारी सोसायटी वा बँक यांजकडे कर्जाची सोय होते काय हे आधीच विचारावे.

दुसरी चूक उतावळेपणाची होते. पूर्वसंमतीपत्र हाती येण्याआधी खरेदी केल्यास अनुदान मिळत नाही. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून यंत्र घरी आणलेले व नंतर पस्तावलेले शेतकरी अनेक गावांत आढळतील.

लहान क्षेत्राचीही अडचण असते. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत किमान ०.६० हेक्टर जमीन आवश्यक होती. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषि स्वावलंबन योजनेत, तसेच अनुसूचित जमातींसाठीच्या बिरसा मुंडा कृषि क्रांती योजनेत नव्या विहिरीसाठी किमान ०.४० हेक्टर जमिनीची अट ठेवण्यात आली. ज्याची जमीन याहून कमी आहे त्याने निराश होऊ नये. शेजारच्या खातेदारांनी एकत्र येऊन करारपत्र केल्यास सामायिक विहिरीचा मार्ग या योजनांत मोकळा ठेवलेला आहे. वर ज्याला पाण्याचे फाटक म्हटले ते लहान कोरडवाहू शेतकऱ्यास ओलांडता येते ते याच मार्गाने. म्हणून पात्र कुटुंबांत विहिरीच्या योजनेस ठिबकाच्या आधी स्थान द्यावे.

वेळेचे महत्त्व तर अलीकडे अधिकच वाढले आहे. पूर्वी महाडीबीटी संकेतस्थळावरील अर्जांतून सोडत काढून निवड होत असे. २०२५-२६ पासून प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य हे तत्त्व आले. सोडतीत दैवावर भिस्त होती. आता सिद्धतेवर आहे. ज्याचे कागद तयार तो पुढे, आणि ज्याच्या सातबारावरील व आधारपत्रावरील नावात एका अक्षराचा फरक तो मागे. एप्रिल २०२५ पासून कृषि योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही आवश्यक करण्यात आला आहे. तो काढताना आपली सर्व खाती त्यास जोडली गेली आहेत ना, हे पाहून घ्यावे. ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून करण्याची ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. ज्याच्याजवळ तसे यंत्र नाही त्याच्या शेतातील पीक नोंदीवाचून राहते व विम्याच्या वेळी वाद उत्पन्न होतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे काम

१९५२ साली समूह विकास योजनेबरोबर ग्रामसेवक गावात आला. पुढे कामे वाटली गेली. आज ग्रामसेवकास ग्रामपंचायत अधिकारी, तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी व कृषि सहायकास सहायक कृषि अधिकारी अशी नवी नामाभिधाने मिळाली आहेत. नावे बदलली तरी शेतकऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत जाणारा शासनाचा माणूस हाच आहे. त्याने पुढील कामे क्रमाने करावीत :—

(१) योजना येण्याची वाट न पाहता गावातील सर्व कुटुंबांची एक नोंदवही करावी. तीत पाच रकाने असावेत : सातबारावर नाव कोणाचे; प्रत्यक्ष कसतो कोण; खातेदार हयात आहे काय; पाण्याची सोय कोणती; बँक खाते, आधार व शेतकरी ओळख क्रमांक जुळतात काय. दीडदोनशे घरांच्या गावात हे काम काही आठवड्यांत होण्यासारखे आहे.

(२) ज्या खात्यांवर मृताचे नाव आहे त्यांची यादी तलाठ्याच्या साहाय्याने करावी व सातबाराचे चावडीवाचन घडवून आणावे. नाव मोठ्याने वाचले गेले की चूक गावच दाखवून देतो.

(३) मागील वर्षी कोणत्या योजनेचा लाभ कोणास मिळाला ही यादी ग्रामसभेत वाचावी. यात कोणास खाली पाहावयास लावण्याचा हेतू नसावा. कोणत्या वस्तीवर एकही लाभ गेला नाही, हे त्यायोगे सर्वांस दिसून येते. पुढील वर्षी प्रथम तेथे जावे.

(४) अर्जाच्या दिवशी पुढे येणारा शेतकरी बहुधा तोच असतो ज्यास योजना आधीच ठाऊक असते. कार्यकर्त्याचा वेळ त्याच्यापेक्षा न येणाऱ्यासाठी अधिक खर्च व्हावा. दुसऱ्याच्या बांधावर काम करणारा, मजुरीस बाहेरगावी गेलेला, विधवा, वृद्ध व निरक्षर यांच्या घरी स्वतः जावे.

(५) अर्ज नाकारला गेल्यास कारण विचारून ते नोंदवहीत लिहावे. दहा अर्जांपैकी सहा एकाच कारणाने परत आले असतील, तर ते कारण गावाचे आहे असे समजून तालुका कृषि अधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणावे.

शेतकऱ्यांनीही आपल्या परीने दक्ष राहावे. सातबारा व खातेउतारा वर्षातून एकदा तरी काढून वाचावा. घरात मृत्यू घडल्यास तीन महिन्यांच्या आत वारसनोंदीचा अर्ज द्यावा. वाटण्या तोंडी न ठेवता त्या अभिलेखात उतरवाव्यात. अर्ज भरून देण्यासाठी कोणी अनुदानातील हिस्सा मागत असल्यास तो देऊ नये व वरिष्ठ कार्यालयाकडे तक्रार करावी. घरातील शिकलेल्या मुलामुलींनी शेजारच्या एका तरी घराची ई-पीक पाहणी भरून दिल्यास गावाचे मोठे काम होईल.

अनुदान हे शेतीचे सर्वस्व नव्हे. पीक येते ते कष्टाने, पाण्याने व मातीच्या कसाने. परंतु जे अनुदान करदात्यांच्या पैशातून लहान शेतकऱ्याच्या नावाने काढले जाते, ते त्याच्या दारावरून पुढे निघून जाऊ नये, एवढी दक्षता घेणे गावाच्या हातात आहे. ज्या गावात मृताच्या नावे एकही सातबारा नाही, ज्या गावात कसणाऱ्याचे नाव कोठेतरी लिहिलेले आहे व ज्या गावातील विधवेस आपले खाते क्रमांकासह माहीत आहे, त्या गावात पुढची योजना कोणतीही येवो, ती योग्य घरी जाईल. पाभरीचे चाडे धरण्यापूर्वी शेताची मशागत करावी लागते. नोंदींचे काम ही अनुदानाची मशागत होय.